थाम बाईंची खिडकी

थाम बाईंच्या विद्यार्थ्यांकडे पुठ्ठ्याची एक पट्टी असायची. वीतभर लांब, आणि मधोमध ब्लेडने कापलेली एक छोटी खिडकी. छापील प्रश्नावर ती पट्टी ठेवायची, सरकवत न्यायची आणि प्रश्नातला हुकमाचा शब्द खिडकीत आला की थांबायचं. स्पष्ट करा. तुलना करा. चर्चा करा. बाकीचा प्रश्न झाकलेला. मग बाई विचारायच्या, "हा पाहुणा तुमच्या दारात उभा आहे. त्याला काय हवंय? पाणी मागतोय की रस्ता विचारतोय? पाणी मागणाऱ्याला रस्ता दाखवलात तर तो तहानलेलाच जाईल ना?"

बाई भाषा शिकवायच्या, मी त्याच शाळेत गणित शिकवत असे. आमच्याकडे हुकूम एकच, सोडवा. त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत मी बाईंची भरपूर थट्टा करायचो. "एक शब्द शिकवायला तुम्हाला महिना लागतो, बाई. तेवढ्यात माझं बीजगणित संपतं." त्या चिडायच्या नाहीत. चहाचा कप बाजूला सारून म्हणायच्या, "सर, तुमच्या पोरांना उत्तर येत नाही म्हणून मार्क जातात. माझ्या पोरांना उत्तर येतं आणि तरी जातात. जास्त वाईट कोणतं?"

त्यांचे नियम सगळ्या बेटाला पाठ होते. चर्चा करा म्हटलं की उत्तर अजून ठरलेलं नाही, दोन्ही बाजूंना बसायला जागा द्या. सिद्ध करा म्हटलं की ते ठरलेलं आहे, तिथे शंका काढत बसू नका. कारणे द्या म्हटल्यावर गोष्ट सांगत सुटू नका. मत मांडा म्हटल्यावर तुमचं मांडा, गुरुजींचं नको. हा शेवटचा नियम आमच्या पोरांना जड जायचा. शिक्षकाच्या मताला आडवं जाणं त्यांना उलट बोलण्यासारखं वाटे. पण बाई ते गोडीगुलाबीने काढून घ्यायच्या.

खरी अडचण 'वर्णन करा' या शब्दापाशी होती. झाडाचं करतील, बंदराचं करतील, लसणाच्या शेताचं तर असं करतील की वाचणाऱ्याच्या नाकाला वास यावा. माणसाचं म्हटलं की लेखणी अडली. 'तुमच्या वडिलांचे वर्णन करा' असा प्रश्न आला की सबंध वर्गाचे वडील एकच असायचे. कष्टाळू, प्रेमळ, कुटुंबासाठी झिजणारे. समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरचे परीक्षक समासात लिहायचे, 'ही स्तुती झाली, वर्णन नव्हे', आणि मार्क कापायचे. बेटावरची पोरं मठ्ठ, असा त्यांचा समज होता. मला त्या परीक्षकांचा फार राग यायचा.

त्यांना काय ठाऊक असणार! ली सन बेटावर, समुद्रावर गेलेल्या माणसाचा चेहरा कुणी शब्दांत सांगत नाही. नाक असं, भुवई अशी, हनुवटीवर वण, हे बोलायचं आयुष्यात एकदाच, आणि तेही तोआय आजोबांपुढे. तोआय आजोबा मातीची माणसं घडवतात. ज्याला समुद्र परत देत नाही त्याला आम्ही मातीचं शरीर करून देतो. डोंगरावरची माती, आत तुतीच्या फांद्यांची हाडं. घरातल्या माणसाने, म्हणजे त्याच्या ताटात जेवलेल्या माणसाने, चेहरा सांगायचा आणि आजोबांनी तो घडवायचा. बाकी कुणी तिथे थांबायचं नाही. चेहऱ्यावर लाल कापड पडतं, मग भरतीच्या वेळेला बुडालेल्याला हाक मारतात. त्याने स्वतःचा चेहरा ओळखला तर तो आत येतो आणि त्या मातीत निजतो. नाही ओळखला तर बाहेरच राहतो, गार पाण्यात. मेला हा शब्द आम्ही वापरत नाही. 'अजून बाहेर आहे' म्हणतो. तेव्हा ज्याची होडी बाहेर आहे त्याचा चेहरा मोठ्याने सांगणं म्हणजे त्याच्या नावाची माती मळायला घेणं.

आणि थाम बाई वर्गात नेमकं तेच लिहून मागायच्या.

मी मूळचा किनाऱ्यावरचा. बाईही तिकडच्याच, क्वांग न्गायच्या. मी बेटावर बदलून आलो त्याआधीच त्यांच्या आयुष्यातलं सगळं होऊन गेलेलं होतं. जे ठाऊक आहे ते त्यांनी स्वतः मला सांगितलं, एकदाच, पेपर तपासता तपासता, लाल शाईची लेखणी हातात धरून.

नोकरीसाठी आलेल्या चोवीस वर्षांच्या थामचं वोंग नावाच्या कोळ्याशी लग्न झालं. त्याचे आईबाप आधीच गेलेले. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा वोंग आणि त्याचे दोघे भाऊ एकाच होडीतून गेले आणि तिघेही बाहेर राहिले. समुद्रावर जाणाऱ्याचा फोटोही बेटावर काढत नाहीत, तेव्हा फोटो असा घरात नव्हताच. भावांचे चेहरे सांगायला त्यांच्या बायका होत्या. पण त्यांची चूल वेगळी, म्हणून वोंगचा चेहरा सांगायला थाम एकटी.

"तोआय काकांनी विचारलं, पोरी, सांग कसा होता," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, प्रेमळ होता. ते थांबले. म्हणाले, पोरी, ते मला मातीत घडवता येत नाही. कसा होता ते सांग. मी म्हटलं, कधी आवाज चढवला नाही, माझ्यासाठी शिंपले आणायचा. ते पुन्हा थांबले. माती सुकायला लागली होती. मी रडत होते आणि तेच तेच सांगत होते. शेवटी त्यांनी आपल्या मनाने एक चेहरा केला. चांगला होता. पण कुणाचाच नव्हता."

"मग?"

"मग काय! लाल कापड टाकलं. मी हाक मारली." त्यांनी लेखणीचं टोपण लावलं. "सर, त्यांनी मला एक विचारलं आणि मी दुसरंच लिहून आले. माझा नवरा बाहेर आहे तो माझ्या उत्तरामुळे."

मी गणिताचा माणूस. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, असं त्या दिवसापर्यंत मी सहज म्हणायचो. पुढे कधी त्यांच्यासमोर म्हणालो नाही.

पुढे एकदा त्यांनी आजोबांना विचारलं होतं, चेहरा पुन्हा करता येईल का. आजोबा म्हणाले होते, "येईल की. सांगता येईल तेव्हा ये." पण बघायचं कसं आणि सांगायचं कसं हे बाईंना शिकवता शिकवता समजत गेलं, आणि तोवर वोंगचा चेहराच मनातून निघून गेला होता. म्हणून त्यांनी पोरांना धरलं. आपल्या माणसाला जिवंतपणी नीट बघून ठेवा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ते उघड बोलायची सोय नव्हती, तेव्हा त्या परीक्षेचं नाव पुढे करायच्या.

बारावीच्या वर्गात मिएन नावाची मुलगी होती. हट्टी, कमी बोलणारी. तिने 'वडिलांचे वर्णन करा' हा निबंध खरोखर लिहिला. त्यासाठी बाप दुपारी झोपलेला असताना ती शेजारी बसून त्याला निरखत राहिली होती. तिच्या आईला, हानला, तो कागद सापडला. दुसऱ्या दिवशी हान शाळेत आली ती पायातल्या चपला हातात घेऊनच.

"बाई, हे काय चालवलंय?"

"बसा ना, हान," बाई म्हणाल्या.

"बसायला नाही आले! माझा नवरा परवा समुद्रावर निघालाय आणि तुम्ही माझ्या पोरीकडून त्याचं नाक-डोळे लिहून घेता?"

"परीक्षेत विचारतात, म्हणून…"

"परीक्षेत विचारतील उद्या, स्वतःचं घर पेटवा म्हणून! पेटवायचं?" सगळा व्हरांडा ऐकत होता. हानचा आवाज उतरला, पण जे बोलली ते जास्तच लागलं. "तुमचा गेला, बाई. वाईट झालं. आता आमच्यांचे चेहरे कशाला मागता?"

हानने तो निबंध घरी चुलीत घातला, हे नंतर कळलं. बाईंनी मिएनला बोलावून एवढंच विचारलं, "कागद गेला. बघितलेलं गेलं नाही ना?" मिएनने 'नाही' अशी मान हलवली.

मिएनचा बाप, लाम, ठरल्या दिवशी निघाला. त्या फेरीत वारा अवेळी फिरला. बाकीच्या होड्या फाटक्या शिडांनिशी, मोडक्या काठांनिशी एकेक करून आत आल्या. लामची आली नाही.

बेट लहान आहे. दोष द्यायला माणूस हवा असला की फार लांब जावं लागत नाही. विहिरीवर, बाजारात, देवळाच्या पायरीवर एकच बोलणं चालू झालं. चेहरा लिहिला आणि माणूस गेला. बाईंच्या जादा तासाला येणारी पोरं येईनाशी झाली. कुणी त्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या फाडून शाळेच्या फाटकापाशी टाकून गेलं. ज्या बायका बाईंना वाटेत थांबवून मुलांचं विचारायच्या त्या आता पलीकडच्या बांधाने जायला लागल्या. मुख्याध्यापकांनी काळजीच्या सुरात सांगितलं, "थोडे दिवस किनाऱ्यावर माहेरी जाऊन या." त्यांना बाईंची नाही, स्वतःच्या डोकेदुखीची काळजी होती. मी ते त्यांच्या तोंडावर बोललो आणि आमचं महिनाभर बोलणं बंद झालं.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका," मी बाईंना म्हटलं.

"लावून घेतलंय," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे, वाऱ्याने काही तो निबंध वाचला नव्हता. पण हान रस्त्यात दिसली की मला वाटतं, तिच्या पायाशी बसावं. खरंच वाटतं, सर."

हान माती मळू देईना. त्याच होडीवरच्या बाकी माणसांच्या घरी लाल कापडं पडली, कबरी झाल्या, हाका मारून झाल्या. हान रोज धक्क्यावर जाऊन उभी राहायची. कुणी समजवायला गेलं की म्हणायची, "माझा आत येतोय. तुम्हाला घाई असेल तर तुम्ही जा." लामची म्हातारी आई शेवटी तिच्यापुढे हात जोडून उभी राहिली. "सूनबाई, माझं पोर गारठलंय गं. त्याला आत घे." तेव्हा कुठे हान कबूल झाली.

त्या दिवशी अंगणात आम्ही बरेच जण होतो. आतल्या खोलीत तोआय आजोबा, हान, मिएन आणि लामची आई. भिंत बांबूची, सगळं ऐकू येत होतं. थाम बाई अंगणातही आल्या नाहीत. कुंपणाच्या बाहेर, रस्त्यावर उभ्या राहिल्या. कुणी त्यांना या म्हटलं नाही आणि कुणी जा पण म्हटलं नाही.

भरती दुपार कलताना होती, त्याआधी चेहरा व्हायला हवा होता. आजोबांचा आवाज आला. "सांग, पोरी. कसा होता?"

मग हान बोलली. "चांगले होते हो. घरावर जीव होता."

"ते खरं. कसे होते?"

"कधी मला टाकून बोलले नाहीत. काका, डोळ्यांसमोर आहेत हो, आत्ता आहेत. तोंडात येत नाही!" आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. लामची आई म्हणाली, "माझ्या डोळ्यांसमोर तर तो दहा वर्षांचाच येतो, मी काय सांगू?" आजोबांनी ओल्या मातीवर पाणी शिंपडल्याचा आवाज आला. मी कुंपणाकडे बघितलं. थाम बाईंनी बांबू घट्ट धरला होता. त्या पंचवीस वर्षं मागे, अशाच एका खोलीत उभ्या होत्या हे मला दिसत होतं.

मग मिएनचा आवाज आला. वर्गात उत्तर द्यायला उभी राहावी तसा, जरासा घाबरलेला, पण सरळ.

"कपाळ माझ्याएवढंच आहे, आजोबा. पण दोन्ही कोपऱ्यांवरचे केस मागे गेलेत. डावी भुवई मध्येच तुटली आहे, तिथे गळ लागला होता. नाक वर बारीक, खाली पसरट, आजीसारखं. डावा कान उजव्यापेक्षा जास्त बाहेर. गालांची हाडं वर आलेली, पण गाल बसलेले नाहीत. वरचा ओठ पातळ. हसत नसले तरी ओठाची उजवी कड थोडी वर असते. म्हणून नवख्या माणसाला वाटतं की ते चेष्टा करतायत. हनुवटीखाली दाढी नीट होत नाही, कारण तिथे जुना भाजल्याचा डाग आहे, ते पातं तिथून उचलतात. मान थोडी पुढे. इंजिनाच्या आवाजात ऐकायची सवय आहे ना, म्हणून."

ती थांबायची, आजोबा विचारायचे, "किती पुढे?" आणि ती सांगायची. "आणखी थोडी. हं, एवढीच." कुंपणाबाहेर बाईंचे ओठ हलत होते. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. त्या पुटपुटत होत्या, "वर्णन. तुलना. कारण. शाब्बास. कारण दे. शाब्बास, बाळा."

आत आजोबांनी हात धुतल्याचा आवाज आला. मग हानची किंकाळी आली.

"अहो! अहो, बघा कसे आलात! दाढीसुद्धा केली नाही!"

रडण्याची पद्धत असते तसं ते रडणं नव्हतं. एवढे दिवस धक्क्यावर कोरडी उभी राहिलेली ती बाई नवऱ्याला रागावत होती, वाट बघायला लावली म्हणून, जाताना दुसरा सदरा घेतला नाही म्हणून. माझ्याजवळ उभा असलेला होडीवाला तोंड फिरवून रडू लागला. मीही रडलो, सांगायला लाज कशाची!

कबर झाली, हाक मारून झाली. मग हान अंगण ओलांडून सरळ फाटकापाशी आली. डोळे सुजलेले, हाताला माती. सगळे बघत होते.

"बाहेर का उभ्या, बाई?" ती म्हणाली. "आत या. दोन घास खाऊन जा."

हानने त्यांचा हात धरला आणि आत नेलं. पुढच्या आठवड्यात जादा तासाची बाकं पुन्हा भरली. कुणी माफी मागितली नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही, लसणाच्या जुड्या बाईंच्या ओट्यावर येऊन पडल्या, एवढंच.

मिएन परीक्षेला बसली आणि पास झाली. पहिली वगैरे आली नाही, उगाच वाढवून सांगत नाही. क्वांग न्गायच्या अध्यापक विद्यालयात तिला जागा मिळाली आणि ती किनाऱ्यावर गेली.

ती परतली ती वर्षाच्या शेवटच्या महिन्यात. त्या महिन्यात आम्ही कबरींची डागडुजी करतो, नव्या वर्षाआधी पूर्वजांची घरं नीट करतो. घरी जायच्या आधी ती तोआय आजोबांकडे गेली आणि त्यांना हाताला धरून थाम बाईंच्या दारी घेऊन आली. आजोबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापत होते. मागे मातीची टोपली डोक्यावर घेऊन मी. रस्त्यात भेटलो म्हणून मला हमालीला लावलं होतं.

बाई कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. टोपली बघितली आणि त्यांना कळलं.

"नको गं," त्या म्हणाल्या.

"बाई, आजोबा म्हणतायत, पुढच्या वर्षी हात चालतील की नाही सांगता येत नाही."

"मला आठवत नाही, मिएन. इतक्या वर्षांत मी त्याला एकदासुद्धा स्वप्नात धड बघितलं नाही. प्रेमळ होता, प्रेमळ होता म्हणत राहिले, आणि तेवढंच उरलं." त्या ओट्यावर बसल्या. "तुझ्या बापाच्या वेळी तू होतीस. इथे मीच आहे फक्त, आणि मी नापास आहे."

मिएन त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आजोबांनी तिला थांबू दिलं आणि मला फाटकापाशी पाठवलं, कुणी आत येऊ नये म्हणून. पण अंगण ते केवढं! आणि माझे कान अजून शाबूत आहेत.

"मोठा प्रश्न अडला तर काय करायचं, बाई? तुम्हीच शिकवलंत. तो सोडायचा आणि त्याच्या पोटातला सोपा आधी घ्यायचा. 'वर्णन करा' राहू दे. 'तुलना करा' घेऊ."

"कुणाशी?"

"बेटावरच्या कुणाशीही. कपाळ. मुख्याध्यापकांसारखं?"

"छे! त्यांचं कपाळ तर मानेपर्यंत जातं." आणि बाई हसल्या. स्वतःच दचकल्या. "नाही. शिडं शिवणाऱ्या थुआनच्या धाकट्याचं आहे ना, तसं."

"फरक सांगा."

"त्याहून रुंद. आणि मधे एक उभी आठी, उन्हात डोळे बारीक करून."

"कान?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "ते फाटकाशी सर बसलेत ना, तेवढे मोठे. पण असे पसरलेले नव्हते, डोक्याला चिकटून होते." अशा वेळी आपले कान कामाला आले यातच समाधान मानायचं.

असं चालू राहिलं. नाक या होडीवाल्यासारखं पण त्याहून सरळ, केस त्या दुकानदारासारखे राठ. आजोबांची कापरी बोटं मातीला लागली की कापायची थांबत. मिएन एकेक शब्द खिडकीत धरावा तसा पुढे सरकवत होती, आणि बाई उत्तर देत होत्या, आधी अडखळत, मग भराभर.

"उजवा गाल आत होता," बाई अचानक म्हणाल्या.

"कारण द्या."

"दाढ काढली होती त्याने. भात डाव्या बाजूने चावायचा. मासा आला की काटा हलकेच उचलायचा, खालचा भाग माझ्या वाडग्यात टाकायचा, आणि चावताना ही शीर अशी…" त्यांनी स्वतःच्या कानाखाली बोट ठेवलं आणि त्यांचा बांध फुटला. "मला दिसतंय, मिएन! मी त्याच्या उजव्या हाताला बसायचे जेवायला. रोज. मला त्याची उजवी बाजू दिसतेय. डावी कधी बघितलीच नाही गं मी."

"असू दे, पोरी," आजोबा म्हणाले. "उजवी सांग. डावी मी तिच्यावरून घेतो."

चेहरा पूर्ण झाला तेव्हा ऊन लसणाच्या शेतावर उतरलं होतं. आजोबांनी हात धुतले. लाल कापड मिएनच्या हातात तयार होतं, पण बाई तिला टाकू देईनात. त्या त्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"हाच आहे का?" त्या म्हणाल्या. "मला वाटतंय हाच. पण मला हवा म्हणून वाटत असेल तर? तपासणार कोण? त्याला ओळखणारं घरातलं कुणी उरलं नाही. पुन्हा चुकीच्या चेहऱ्यावर हाक मारायची ताकद नाही माझ्यात."

मिएनचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. आजोबांना मोतीबिंदूमुळे चेहरा धड दिसतच नव्हता. आणि मी तर वोंगला कधी बघितलेलंच नव्हतं.

तेवढ्यात मुओई आजी आल्या. शेजारच्या, नव्वदीच्या पुढच्या. त्यांना आज काय वार आहे हे ठाऊक नसतं, सून कोण आणि नात कोण हेही नसतं. दिवसभर या दारातून त्या दारात फिरतात, कुठेही बसतात, कुणी दिलं तर खातात. मी आडवा झालो. "आजी, आत्ता नको, आत काम चाललंय." त्यांनी काठीने माझा पाय बाजूला केला आणि आत गेल्या. नव्वदीच्या बाईला मी काय अडवणार!

त्या अंगणाच्या मधोमध येऊन थांबल्या. चटईवर पडलेल्या मातीकडे वाकून बघितलं. आम्हा कुणाकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"वोंग?" त्या म्हणाल्या. "कधी आत आलास रे?"

"आणि असा उघड्यावर काय निजलास? गार पडलायस की." म्हातारीने काठी टेकून मान वर केली आणि बाईंना दटावलं. "ए पोरी, बघत काय बसलीस? नवरा आलाय घरी. कांजी दे त्याला गरम."

थाम बाई उठल्या. चुलीपाशी गेल्या, दुपारची कांजी गरम केली, वाडग्यात ओतली. वाडगा दोन्ही हातांत धरून त्या परत आल्या, तो त्याच्यापाशी ठेवला, आणि चटईवर त्याच्या उजव्या बाजूला बसल्या.